सोनेरी पट्टी

"उत्तर का नाही दिलं त्यांनी?"

सोमगीरबाबांनी तव्यावरची भाकरी उलटली. चुलीतलं लाकूड जरासं मागं ओढलं.

"आधी जेव," ते म्हणाले.

"मी जेवायला नाही आलो, बाबा. विचारायला आलोय."

"इथं आधी ताट, मग प्रश्न."

माळावरच्या त्या मठाचा तेवढा एकच नेम होता. दानपेटी नाही, कीर्तन नाही, दर्शनाची रांग तर नाहीच नाही. आलेल्या माणसानं आधी चार घास खायचे आणि मग काय ते बोलायचं. असं का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही आणि गावानंही कधी विचारलं नाही. आयतं गरम जेवण मिळतंय म्हटल्यावर कारणं कोण विचारतो?

उमाकांत मात्र हटून बसला होता. डोक्यावर नुसते खुंट उगवलेले, डोळे जागरणानं लाल. काल बापाचा तेरावा झाला. पाहुणे पांगले. आज सकाळी त्यानं घराला कुलूप घातलं, पुण्याची गाडी धरायची म्हणून बॅग पाठीला अडकवली आणि एसटी स्टँडच्या फाट्यावर आल्यावर पाय माळाकडेच वळले.

बाबांनी ताट वाढलं. भाकरी, मटकीची उसळ, बुक्कीनं फोडलेला कांदा.

उमाकांतनं हात लावला नाही.

बाबांनी आग्रह केला नाही. दुसरं ताट त्यावर उपडं घातलं आणि ते भिंतीला टेकून बसले.

"बरं. आज मोडू नेम. विचार."

"मी त्यांची माफी मागितली होती."

"कधी?"

"त्याला दोन दिवाळ्या झाल्या."

"तोंडानं?"

"नाही."

"मग?"

"पान केलं होतं. त्यांच्यासाठी. इंटरनेटवर."



आता हे पान काय आणि माफी कसली, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मारुती कुदळे म्हणजे उमाकांतचे आबा. गावच्या हायस्कुलात शिपाई होते. बायको लवकर गेली. पोरगं एवढंसं. आबांनी दुसरं लग्न केलं नाही, पण भाकऱ्या थापायला शिकले. सुरुवातीच्या भाकऱ्या म्हणजे भाकऱ्या कसल्या, नुसते नकाशे असायचे. पोरगा ते नकाशे खाऊन मोठा झाला, पुण्याला गेला, कॉम्प्युटरचं शिकला आणि वेबसाइटी करू लागला. त्या दिसायला फार देखण्या असत. हे मात्र खरं, उगाच कशाला नाही म्हणा.

बापलेकाचं फोनवरचं बोलणं रोज संध्याकाळी व्हायचं आणि ते ठरलेलं होतं.

"बाळा, जेवलास का?"

"जेवलो. आबा, तुम्ही जेवलात का?"

"जेवलो."

झालं. तेवढ्यासाठी फोन. कॉलेजात असताना उमाकांतला त्याची लाज वाटायची, मित्रांपासून दूर जाऊन बोलायचा. पुढं सवय झाली.

मग त्याच्या कामाला बक्षीस मिळालं. पुण्यातल्या घरी त्यानं मित्रांना जेवायला बोलावलं आणि आबांनाही बोलावलं. आबा धुतलेलं धोतर आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन एसटीनं आले. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर उमाकांतनं आपलं काम लावलं होतं. काळ्याभोर पडद्यावर सोनेरी अक्षरं आणि त्या अक्षरांतून हळूहळू सरकणारी झळाळी. मंडळी वाहवा करत होती.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून आपला फोन काढला. जुना, कोपऱ्यात तडा गेलेला.

"उमा, हे माझ्या फोनवर दिसंल का रे?"

"आबा, हे तुमच्या फोनसाठी नाहीच."

सगळे हसले. तसं काही वाईट हसले नाहीत. आबाही हसले. पण उमाकांतनं त्यावर आणखी एक वाक्य जोडलं. म्हणाला, "जुन्या माणसांना धरून बसलो तर आम्ही पुढं कधी जायचं?"

जीभ काय, सैल सुटली की सुटली.

आबांनी फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, शेवटची गाडी गाठतो. पानं वाढली होती. उमाकांत म्हणाला, "आबा, जेवून तरी जा." म्हणाला खरं, पण कुणाला तरी टीव्हीवर काहीतरी दाखवत म्हणाला. वळून बघेपर्यंत दारात चपला नव्हत्या.

त्या रात्रीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, फोन काही आला नाही.

यानंही केला नाही.

आधी कुणी करायचा, एवढ्या एका गोष्टीवर दोघं जन्माचे सोबती अडून बसले. बघता बघता आठवडे गेले. उमाकांतला घास गोड लागेना. जेवायला बसलं की आबांचा तो रोजचा प्रश्न आठवायचा. चुकलो एवढंच म्हणायचं होतं. पण फोन हातात घेऊन तो पुन्हा खाली ठेवायचा आणि मग स्वतःचाच राग यायचा. तेव्हा त्याला जे उत्तम येत होतं, त्यातच माफी मागायची त्यानं ठरवलं.

एक पान केलं. फक्त आबांसाठी. त्यात तीच सोनेरी अक्षरं घातली, आधीपेक्षाही देखणी.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर शबनम बसायची, त्याच्याबरोबरच कामाला लागलेली. तिनं वाकून बघितलं.

"ही युक्ती नेमातली नाही, उमाकांत. एका ब्राउझरनं स्वतःपुरती काढलीय. दुसऱ्यात फुटेल."

"दिसतंय बघ किती सुंदर."

"तुझ्याकडे दिसतंय. कुणासाठी करतोयस?"

"एका माणसासाठी."

"त्याच्या फोनवर बघितलंस का?"

उमाकांत चिडला. "सगळ्यांसाठी साधं करत बसायचं, तर सुंदर करायचं कधी?"

ती आपल्या कामाला लागली. असल्या माणसाशी किती डोकं लावणार?

संध्याकाळी त्यानं आबांना लिंक पाठवली. खाली दोन निळ्या खुणा उमटल्या. आबांनी बघितलं होतं.

उमाकांत फोन उशाशी घेऊन बसला.

उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. आठवड्यानं नाही. आणि गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैवच ते. पान कुणी कधी उघडलं ते उमाकांतला त्याच्या कॉम्प्युटरवर कळायचं. रोज संध्याकाळी गावाकडून ते पान उघडलं जायचं. न चुकता. म्हणजे आबा रोज माफी वाचत होते आणि रोज गप्प बसत होते.

आधी त्याला वाईट वाटलं. मग राग आला. मग तो राग घट्ट होऊन बसला. दिवाळीला तो गावी गेला नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. आपण वाकलो, म्हातारा वाकत नाही, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं.

मग एका संध्याकाळी पान उघडलं गेलं नाही.

उमाकांतच्या मनात आलं, कंटाळले असतील. संपलं एकदाचं.

सकाळी मठातून फोन आला. आबा आदल्या दुपारीच, झोपेत, गेले होते.

हे सगळं उमाकांतनं बाबांना सांगितलं. तुटक तुटक, मध्ये मध्ये थांबत. झाकलेल्या ताटाकडे न बघता.

"एवढा राग धरायचा, बाबा? रोज वाचायचं आणि एक शब्द बोलायचा नाही? मी त्यांचा पोरगा होतो..."

बाबा माळाकडे बघत होते.

"रोज वाचायचा, हे खरं," ते म्हणाले.

"तुमच्यासमोर?"

"इथंच बसून. तू बसलायस तिथं."

उमाकांत जरा सरकला. मग पुन्हा तिथंच बसला.

बाबा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पुडकं होतं. आबांचा चौकडीचा रुमाल. त्यांनी गाठ सोडली. आत तो फोन होता, कोपऱ्यात तडा गेलेला.

"त्याच्या उशाशी होता, तो मी इकडं आणला. चार्ज करत असतो," बाबा म्हणाले. "त्यानं सांगितलं नव्हतं. पण करत असतो."

त्यांनी फोन उमाकांतच्या हातावर ठेवला.

"उघड तुझं पान."

माळावर रेंज चांगली होती. पान उघडलं.

उमाकांत बघत राहिला.

काळा पडदा नव्हता. झळाळी नव्हती. पांढऱ्या पडद्याच्या मधोमध एक सोनेरी पट्टी होती. नुसती पट्टी. जरीच्या काठाचा तुकडा कापून चिकटवावा तशी. तिच्यावर एक अक्षर नव्हतं.

आणि पट्टीखाली, साध्या काळ्या अक्षरांत, एक ओळ होती.

'आपला ब्राउझर जुना झाला आहे. हे पान त्याच्यासाठी नाही.'

ती ओळ उमाकांतनंच लिहिलेली होती. आबांसाठी मुद्दाम नव्हे. त्याच्या प्रत्येक कामाच्या तळाशी ती असायचीच. जुना ब्राउझर दिसला की आपोआप वर येणारी. सवयीनं त्यानं ती इथंही डकवली होती.

काय झालंय ते त्याला तेव्हाच कळलं. धंदाच त्याचा तो. त्यानं ब्राउझरला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, अक्षरांचा रंग काढून घे, ती काचेसारखी कर. दोन, मागचं सोनं अक्षरांच्या आकारात काप. आबांच्या फोनला पहिली गोष्ट समजली होती. दुसरी नेमाबाहेरची, ती त्याला समजली नव्हती. म्हणून सोनं तसंच राहिलं आणि अक्षरं काचेची झाली.

माफी तिथंच होती. पट्टीवरच होती. दिसत नव्हती.

"बाबा..."

"हं."

"हे असंच दिसायचं त्यांना? पहिल्या दिवसापासून?"

"असंच."

वारं आलं. तव्याखालची राख थोडी हलली.

उमाकांतनं घाईघाईनं बॅग उघडली. लॅपटॉप काढून मांडीवर घेतला. त्यानं सोनं काढून टाकलं. झळाळी काढली. काळा पडदा काढला. तळाची ती ओळ काढली. ज्याच्यासाठी कित्येक संध्याकाळी घातल्या होत्या, ते सगळं चिमूटभर वेळात निघालं. राहिली ती साधी काळी अक्षरं, शाळेच्या पुस्तकात असतात तसली.

आबांच्या फोनवर त्यानं पान पुन्हा उघडलं.

'आबा, मी चुकलो. त्या दिवशी तुम्ही न जेवता गेलात. तुमचं ताट मी सकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. मला बोलवा. मी येतो. – उमा.'

त्यानं फोन बाबांपुढं धरला. बाबांनी तो लांब धरून, ओठ हलवत, सावकाश वाचला.

"दिसतंय ना?" उमाकांतनं विचारलं. "आता दिसतंय, बाबा. एवढंच करायचं होतं. एवढंसं काम होतं. आता दिसतंय..."

"कुणाला?"



मग तो रडला. अग्नी देताना रडला नव्हता, तेराव्याला रडला नव्हता, गावानं त्यावरून नावंही ठेवली होती. आता मात्र गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं? एक फोन करायचा होता. पान कोरं दिसतंय, एवढंच सांगायचं."

"सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले.

ते सरळ म्हणाले. उमाकांतला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही.

"पण मला कुठं ठाऊक, की त्यात अक्षरं आहेत?" बाबांचा आवाज बसला होता. "मला वाटलं, पोरानं बापाला सोन्याची पट्टी पाठवलीय. अशीच असते म्हटलं. मला नव्हतं ठाऊक."

ते थांबले.

"त्याला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तिथं काहीतरी लिहिलंय ते."

उमाकांत त्यांच्याकडे बघत राहिला.

"पहिल्या दिवशी दाखवायला आला," बाबा म्हणाले. "धापा टाकत माळ चढून आला. म्हणाला, बाबा, पोरानं कायतरी लिवलंय, बघा. मी बघितलं. म्हटलं, मारुती, ही पट्टी आहे. खाली एक ओळ आहे. ती वाचून दाखवली त्याला."

"ती काळी ओळ?"

"तीच. तुझं जुनं झालंय, हे तुझ्यासाठी नाही, असं काहीतरी होतं ना?"

उमाकांतनं डोळे मिटून घेतले. पुण्यातली ती भिंत, तो टीव्ही, हसणारे मित्र. तोच शब्द त्यानं बापाला दोनदा सांगितला होता. एकदा तोंडानं आणि एकदा लिहून.

"मग... काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, ती वळ माझ्यासाठी न्हाई, बाबा. ती दुसऱ्या कुणासाठी असंल. माझं वर हाय."

"वर तर काहीच नव्हतं."

"मीही तेच म्हटलं."

"मग?"

"म्हणाला, तुम्हाला चष्मा लागलाय."

एवढं बोलून बाबा हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"त्यानंतर रोज यायचा," ते म्हणाले. "संध्याकाळी. माझ्याबरोबर जेवायचा. हात धुवायचा, धोतराला पुसायचा. मग हा रुमाल सोडायचा आणि पट्टी वाचायचा."

"नुसती पट्टी कशी वाचतील ते?"

"मोठ्यानं वाचायचा."

"काय वाचायचे?"

बाबांनी रुमालाचं टोक सरळ केलं.

"बाबा, काय वाचायचे?"

"एकच असायचं रोज. आबा, जेवलात का?"

उमाकांतच्या हातातला फोन काळा पडला होता. त्यानं अंगठा टेकवला. पान उजळलं. मी चुकलो. न जेवता गेलात. झाकून ठेवलं होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

"म्हणजे माफी... माफी त्यांनी कधी वाचलीच नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"माफीचं कधी काही वाचलं नाही त्यानं. मी एकदा विचारलंही. म्हटलं, मारुती, पोरगा चुकलो बिकलो म्हणतोय का त्यात? तर माझ्यावरच चिडला. म्हणाला, तो कशाला म्हणंल? त्यानं काय केलंय?"

उमाकांतनं खालचा ओठ दातांत धरला. मठामागच्या चिंचेखाली कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मग त्यांनी मला फोन का नाही केला?" त्यानं शेवटी विचारलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. "रोज एवढं वाचत होते, तर एकदा तरी फोन..."

"तेही मी म्हटलं होतं त्याला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, पोरगा लिहून विचारतोय म्हणजे कामात असंल. बोलायला सवड नसंल त्याला. फोन करून कशाला अडवू? लिहिलेल्याचं उत्तर मी इथंच देतो."

"इथंच म्हणजे?"

"फोनलाच. समोर धरायचा आणि सांगायचा."

उमाकांतनं त्या तडा गेलेल्या काचेकडे बघितलं. तो पुण्यात बसून पान उघडल्याची खूण बघत होता, इथं बाप त्या पानाशी बोलत होता. कुणाचंच कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

"म्हणजे उत्तर दिलं होतं त्यांनी?"

"रोज."

"काय?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ताटावरचं उपडं ताट त्यांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. उसळीवरचा तवंग थिजला होता. भाकरी गार होऊन वातड झाली होती. ती मोडून त्यांनी तिचे दोन तुकडे केले आणि ताट उमाकांतच्या पुढ्यात सरकवलं.

मग त्याच्या हातातून फोन घेतला आणि ताटाच्या कडेला, रुमालावर, उभा करून ठेवला. आबा तो असाच ठेवत असणार, कारण रुमालाला तिथं घडीची एक खाच पडली होती.

"म्हणायचा, जेवलो बाळा," बाबा म्हणाले. "आणि मग त्याचं एक विचारायचं राहिलेलं असायचं. ते विचारून थोडा वेळ थांबायचा. तुझं काही येतंय का बघायचा. मग गाठ मारायचा आणि घरी जायचा."

उमाकांतला ते काय, हे कुणी सांगायला नको होतं. तरी त्यानं विचारलं. त्याला ते ऐकायचंच होतं.

"काय विचारायचे, बाबा?"

बाबांनी पाण्याचा तांब्या भरून त्याच्याजवळ ठेवला.

"तो अजून थांबलाय," ते म्हणाले. "सांग त्याला, तू जेवलास का."